पंधरा म्हणजे वीस

खेतवाडीत पहाटे चार चाळीसला पाणी येतं,
पाच पस्तीसला जातं.
तेवढ्यात पंप लागला तर वरची टाकी भरते,
नाहीतर चौथ्या मजल्यावरच्या सामंतवहिनी
दिवसभर माझ्या नावाने खडे फोडतात.

म्हणून हा बोर्ड.
लॅमिंग्टन रोडच्या झुबेरने वर्तमानपत्रात गुंडाळून दिला,
म्हणाला, काका, यावर बेसिक चालतं.
बेसिक मला येतं.
टेलिफोन खात्यात रात्रपाळीला शिकलो,
ओळींना दहा, वीस, तीस असे आकडे घालत,
मागाहून काही सुचलं तर मध्ये जागा राहावी म्हणून.

चाळीस पिना. वीस या अंगाला, वीस त्या.
यूएसबीचं तोंड वर धरायचं, डावीकडे पहिली,
उतरत उतरत विसावी,
मग पलीकडे एकविसावी, आणि चढत चढत चाळिसावी
पहिलीच्या समोर येऊन उभी.
हे समजलं.
डाग द्यायला बोर्ड पालथा घातला की डावं उजवं होतं,
हेही समजलं,
एक सेन्सर जळाल्यावर.

बोर्डाच्या पाठीवर जीपी पंधरा असं बारीक छापलंय,
तिथे पंपाचा रिले.
जीपी अकरावर बझर, टाकी भरली हे सांगायला.
प्रोग्रॅममध्ये लिहिलं, पिन पंधरा, चालू.

चार चाळीसला पंप मुका
आणि बझर असा बोंबलला
की दोशीभाई नातवाची बॅट घेऊन जिना उतरले.
वर टाकी ठणठणीत,
खाली भरली भरली म्हणून गजर.

आता कळतंय.
नुसतं पंधरा म्हटलं की बेसिक बोट ठेवून मोजतं,
एक, दोन, तीन, पंधराव्या पिनेला उठवतं.
तिचं नाव अकरा.
जिचं नाव पंधरा ती रांगेत विसावी.
मध्ये मध्ये अर्थिंगच्या पिना,
तिसरी, आठवी, तेरावी, अठरावी,
त्यांना नंबर आहे, जीपी नाही,
त्या काही करत नाहीत, पण मोजल्या जातात.
त्यांच्यामुळे नाव आणि नंबर यांच्यातलं अंतर
वरती एकाचं असतं,
खाली जाईपर्यंत पाचाचं होतं.

मला हे कळायला हवं होतं. मी लाइनमन.
खांबावरच्या डब्यात जी जोडी सात
ती एक्स्चेंजच्या फळीवर चारशे बारा.
एकदा मी चुकलो
आणि पिंपळखरे मास्तर गेल्याची खबर
ठाकुरद्वारच्या एका लग्नघरी वाजली.

बायकोचं माहेरचं नाव कुमुदिनी.
ताटातल्या तांदळात अंगठीने मी सुलभा लिहिलं.
का, ते आठवत नाही. आईने सुचवलं असणार.
एकोणचाळीस वर्षं सुलभा म्हटलं की ती वळून बघायची.
नायरच्या वॉर्डात शेवटचे आठ दिवस
मी सुलभा, सुलभा म्हणायचो
आणि पलीकडच्या खाटेवरची बाई डोळे उघडायची.
तिचंही नाव तेच.
मग चिपळूणहून मेहुणा आला,
चप्पलही न काढता दारातून म्हणाला, कुमे.
ती म्हणाली, आले.

काल रात्री पंधराच्या आधी जीपी लिहिलं.
बाकी अक्षरही बदललं नाही.
चार चाळीसला रिले टक् झाला,
पंप घुमायला लागला.
डब्याच्या झाकणावर मार्करने लिहिलंय,
माझ्यानंतर जो उघडेल त्याच्यासाठी:
पंप. नाव पंधरा, जागा वीस. दोन्ही खरं.

जिन्यात बसून राहिलो.
पाच पस्तीसला पाणी गेलं.